उंबऱ्यावरची नावे

वैशाख शुद्ध तृतीया म्हणजे अक्षय्य तृतीया. साडेतीन मुहूर्तांपैकी हा एक पूर्ण मुहूर्त असल्याने या दिवशी शुभकार्यासाठी पंचांग पाहावे लागत नाही, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. हिमालयात गंगोत्री आणि यमुनोत्री येथील मंदिरांची दारे हिवाळ्यानंतर याच दिवशी उघडतात. पुरीच्या श्रीजगन्नाथाचे रथ दरवर्षी नव्याने घडविले जातात आणि त्या सुतारकामाचा आरंभही अक्षय्य तृतीयेलाच होतो. दार उघडावे आणि घडणीला हात घालावा, असा हा दिवस आहे.

आमच्या खानदेशात मात्र हिला कोणी अक्षय्य तृतीया म्हणत नाही. ही आमची आखाजी. दिवाळीला न आलेली लेक आखाजीला माहेरी येते, निंबाच्या फांदीला झोका बांधला जातो आणि सालदाराचे नवे साल याच दिवशी सुरू होते. पण या सर्व आनंदाच्या मुळाशी पितरांचे स्मरण आहे, हे बाहेरच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. आखाजीला पितरांच्या नावे पाण्याची घागर भरतात. तिच्या तोंडावर मातीचे लहान पात्र, त्यावर सांजोऱ्या, खरबूज, आंबा. वैशाखाच्या वणव्यात आपल्या गेलेल्या माणसांना गार पाणी मिळावे, याहून साधी आणि याहून मोठी भावना ती कोणती? घागरीबरोबरच घराच्या उंबऱ्याची पूजा होते. एकेका पूर्वजाचे नाव घ्यावयाचे आणि उंबऱ्यावर कुंकवाचे एकेक बोट उमटवावयाचे. ज्या उंबऱ्यावरून ती माणसे आयुष्यभर आत-बाहेर झाली, त्यावरच त्यांची आठवण टेकवावयाची, असा हा आमचा आचार.

२०१२ सालच्या आखाजीला आमच्या कुटुंबाने स्वतःच्या नव्या घरात प्रवेश केला. गेली अनेक वर्षे या दिवसाविषयी कोठेतरी लिहावे असे मनात होते. आज आखाजीच्या निमित्ताने लिहीत आहोत.

आमचे गाव जळगाव जिल्ह्यात, तापीच्या काठापासून फार दूर नाही. जुने घर धाब्याचे. ज्यांनी असे घर पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगावयाचे, तर मातीच्या जाड भिंती, त्यांवर लाकडी सरे आणि त्यांवर मातीचे सपाट छत. उन्हाळ्यात आत असा गारवा की पंख्याची आठवण होऊ नये. पण दर पावसाळ्यापूर्वी धाब्यावर खारी माती टाकावी लागे आणि तरीही आषाढात कोठे ना कोठे थेंब गळू लागे. लहानपणी रात्री गळक्या जागी पातेले ठेवून त्यात पडणाऱ्या थेंबांचा आवाज ऐकत आम्ही भावंडे झोपी गेलो आहोत. आमचे तीर्थरूप म्हणत, "माझ्या हयातीत पोरांच्या डोक्यावरचे हे पाणी बंद करीन."

२००२ साली त्यांनी गावाच्या उगवतीला असलेल्या आमच्याच जागेत पायाभरणी केली. कुदळ पहिल्यांदा त्यांनीच मारली. पुढचा पाया आमच्या सालदाराने खणला. जोत्यापर्यंत काम आले आणि २००३ च्या चैत्रात त्यांनी चौकट उभी केली. साग त्यांनी स्वतः पारखून आणला होता. चौकटीला हळदकुंकू वाहिले, आंब्याची डहाळी बांधली, पेढे वाटले. भिंती अजून उठावयाच्या होत्या, पण दार कोठे असणार ते ठरले होते. त्या काळात सायंकाळी ते एकटेच जोत्यावर जाऊन बसत. चौकटीतून आत जात आणि पुन्हा चौकटीतूनच बाहेर येत. चोहीकडे मोकळे असताना दारातूनच का जायचे, असे धाकट्या भावाने एकदा विचारले तेव्हा म्हणाले, "घर आहे ते. घरात माणूस दारातूनच जातो."

त्याच वर्षी मार्गशीर्षात ते गेले.

काम थांबले ते थांबलेच. २००५ साली धाकट्या बहिणीचे लग्न झाले आणि घरासाठी राखलेला पैसा तिकडे गेला. त्याबद्दल कोणाच्याही मनात किंतु नव्हता. धाकटा भाऊ सुरतेस कामाला होता. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीला महापूर आला, उकाईच्या धरणातून पाणी सोडावे लागले आणि सुरत शहराचा मोठा भाग बुडाला. भावाची तळमजल्यावरची खोली गेली, होते नव्हते ते सारे गेले. जीव वाचला हे नशीब. तापी आमचीही नदी. आमच्याच शेतांवरून वाहत जाऊन तिने आमच्याच भावाचे घर भरावे, ही गोष्ट आईला अनेक दिवस उमगत नव्हती.

अशी नऊ वर्षे ती चौकट उघड्यावर उभी होती. चार उन्हाळे, चार पावसाळे म्हणता म्हणता नऊ झाले. जोत्यावर गवत माजले, गावची पोरे तेथे लपंडाव खेळत. शेतावर जाता-येता आम्ही त्या बाजूला पाहण्याचे टाळीत असू. आई मात्र दर आखाजीला जुन्या घरच्या उंबऱ्याची पूजा झाली की तांब्या घेऊन तिकडे जाई, चौकटीच्या उंबऱ्यावर पाणी घाली आणि परत येई. कोणी काही विचारले नाही, तिनेही सांगितले नाही.

२००९ साली आईने आपल्या पाटल्या आमच्यापुढे ठेवल्या. त्या घेण्यास आम्ही का-कू करू लागलो तेव्हा ती एवढेच म्हणाली, "आता या हातात घालायच्या नाहीत. मग भिंतीत घाला." कर्ज मिळण्यास किती खेपा पडल्या, कागदावर कागद किती मागितले गेले, ती कथा येथे नको, घर बांधलेल्या प्रत्येक वाचकास ती तोंडपाठ असेल. भिंती उठल्या. २०११ च्या हिवाळ्यात स्लॅब पडला. त्या दिवशी अर्धे गाव घमेली उचलावयास आले होते. सळया बांधून होत असतानाच आईने गवंड्याला हाक मारून ओसरीच्या वर दोन कड्या सोडण्यास सांगितले. तीर्थरूपांनी पायाभरणीच्या वेळीच बोलून ठेवले होते, की लेक आखाजीला येईल तेव्हा तिचा झोका आपल्या छताला असावा. आम्ही ते पार विसरलो होतो. स्लॅबवर मातीचे वाफे करून पाणी साठविले होते. पुढचे तीन आठवडे आई आणि सालदार आळीपाळीने वर जाऊन ते पाणी आटू देत नसत. शिडीवरून तिने चढू नये म्हणून आम्ही रागावलो, पण तिने ऐकले नाही.

मग प्रश्न आला चौकटीचा. सुताराने वाकून पाहिले, पटाशीच्या टोकाने टोचून पाहिले. उभी लाकडे आणि वरचे लाकूड उत्तम. साग काळवंडला होता, पण तसूभरही वाकला नव्हता. उंबऱ्याला मात्र एका टोकाशी लांब तडा गेला होता. उंबरा नवा घाला, असे त्याचे मत. आमचेही तेच मत झाले. तडा गेलेला उंबरा शुभ नव्हे, असे एका आप्तांनीही सुचविले. आई गप्प होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार आला तेव्हा ती उंबऱ्यापाशी उभी होती. तिने विचारले, "याला औषध नाही का?" सुतार वयस्क होता. त्याने पुन्हा एकदा हात फिरवून पाहिला आणि म्हणाला, "आहे की, मायबाई. सागाचीच पाचर मारतो. तुमच्या पायाला कळायची नाही." त्या कामाची त्याने मजुरीही घेतली नाही. कवाडांचेही निम्मे पैसे त्याने पुढच्या कापसावर सोडले.

प्रवेशासाठी आखाजी ठरली, तेव्हा दोन शंका निघाल्या. बाहेरचा गिलावा व्हायचा होता आणि तो होण्यासारखे पैसे नव्हते. शिवाय आखाजी हा पितरांचा दिवस, त्या दिवशी वास्तुशांत कशी करावी, असे काहींचे म्हणणे पडले. आम्ही गावच्या गुरुजींकडे गेलो. ते म्हणाले, "घराला छप्पर हवे, दाराला कवाड हवे, वास्तूचा बली आणि अन्नदान व्हायला हवे. एवढे नसेल तर राहायला जाऊ नये, असे शास्त्र सांगते. गिलाव्याचे शास्त्रात काही नाही." दुसऱ्या शंकेवर ते हसले. "वास्तुशांतीच्या आरंभी नांदीश्राद्ध असते. पितरांना आधी बोलावून, त्यांचा आशीर्वाद घेऊनच पुढचे कर्म होते. सकाळी ज्यांना बोलावले, त्यांना दुपारी जेवू न घालता कोठे पाठवणार?"

वास्तुशांतीचा विधी आपण सारेच पाहतो, पण त्यामागची कथा घरातील मुलांना सांगितली जातेच असे नाही. मत्स्यपुराणात ती आहे. अंधकासुराशी युद्ध करताना भगवान शंकरांच्या कपाळावरून घामाचा थेंब भूमीवर पडला आणि त्यातून एक भयंकर पुरुष उत्पन्न झाला. त्याची भूक शमेना. तो त्रैलोक्य गिळू लागला. तेव्हा देवांनी मिळून त्याला भूमीवर पालथा पाडले आणि ज्या देवाने जो अवयव दाबून धरला, तो देव तेथेच वसला. ज्याच्या अंगावर देवांनी वास केला तो वास्तुपुरुष. त्याने देवांना विचारले, की असे दाबून धरले तर मी खाऊ काय? तेव्हा, घर बांधणारा माणूस तुला अन्न देईल, असा वर त्याला मिळाला. वास्तुमंडलाची एक्क्याऐंशी पदे आणि त्यांवर आवाहन केले जाणारे पंचेचाळीस देव, यांचा उगम हा असा आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातही वास्तोष्पतीची प्रार्थना आहे. म्हणजे घराच्या स्वामीला हात जोडण्याची आपली रीत किती जुनी, ते ध्यानी येईल. आम्हांला या कथेत नेहमी एक गोष्ट मोलाची वाटत आली आहे. आपण ज्या भूमीवर घर बांधतो, ती कोणाच्या तरी पाठीवर आहे आणि तो भुकेला आहे. घरमालक होण्यापूर्वी माणसाने याची जाणीव ठेवावी, एवढ्यासाठी तर हा सारा विधी नसेल?

आखाजीच्या पहाटे आम्ही सारे जुन्या घरून निघालो. बहीण दोन दिवस आधीच आली होती. भाऊ सुरतेहून रात्रीच्या गाडीने आला. आमच्या पत्नीच्या डोक्यावर पाण्याने भरलेला कलश होता. आई मात्र मागे, बायकांच्या घोळक्यातही नाही, त्याच्याही मागे, पदर पुढे ओढून चालत होती. नव्या घरापाशी आल्यावर ती निंबाखाली थांबली. ती का थांबली हे सर्वांस समजत होते आणि म्हणूनच कोणी बोलत नव्हते. पुढे सुवासिनी असावी, हा रिवाज कोणी मोडावयाचा?

गुरुजींनी मागे वळून पाहिले. "देव कोठे आहेत?" देव ताम्हणात होते आणि ताम्हण बहिणीच्या हाती होते. "गेली नऊ वर्षे या देवांची रोजची पूजा कोणी केली?" आम्ही म्हणालो, "आईने." "मग ज्यांच्या हातची पूजा देवांनी रोज घेतली, त्यांच्याच हातून देव आत जातील. कलश सुनेच्या माथी, देव सासूच्या हाती. उजवे पाऊल आधी. या माई, पुढे या." कोणीतरी मागून काहीतरी कुजबुजले. गुरुजींनी तिकडे लक्ष दिले नाही आणि मंत्र सुरू केला. आई पुढे आली. तिने ताम्हण छातीशी धरले होते. उंबऱ्यावर पाय न ठेवता तो ओलांडून ती आत गेली, आणि तिच्यासोबत आमची पत्नी. या प्रसंगाची शास्त्रार्थाने चिकित्सा करणारे करोत. आमच्यापुरता गुरुजींचा तो शब्द शास्त्रच होता.

पुढचा विधी सावकाश झाला. गणेशपूजन, पुण्याहवाचन, मातृकापूजन, मग नांदीश्राद्ध. होम झाला, दिक्पालांना बली दिला. घराभोवती सूत गुंडाळून दूध-पाण्याची धार धरली, तेव्हा बाहेरच्या कच्च्या विटांवर दूध ओघळताना पाहून आम्हांला गिलाव्याची आठवण झाली आणि लगेच तिची लाजही वाटली. आग्नेय कोपऱ्यात शहाबादी फरशी बसविताना गवंड्याने गुरुजींच्या सांगण्यावरून एक खळगा राखून ठेवला होता. त्यात सप्तधान्य, शेवाळ, पंचरत्ने आणि दहीभात यांसह वास्तुप्रतिमा पालथी ठेवली गेली. माती लोटली आणि त्याच गवंड्याने तेथे शेवटची फरशी बसविली. मग गवंडी, सुतार आणि सालदार यांना पाटावर बसवून टॉवेल-टोपी दिली. सुताराने आपला रंधा आणि गुण्या धुऊन आणला होता. ती हत्यारे त्याने देवांपुढे ठेवली, हळदकुंकू लावून घेतले आणि पुन्हा पिशवीत घातली. हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

दुपार झाली. उन्हाने अंगण पांढरे पडले होते. मागल्या चुलीवर खापरावरचे मांडे उतरत होते, आमरसाचे पातेले भरले होते. घागर भरून ठेवली. आता उंबऱ्याची पूजा राहिली होती.

हा आचार आमच्या घरी पूर्वी तीर्थरूप स्वतः करवून घेत. ते नावे सांगत आणि आई बोटे उमटवी. ते गेल्यानंतर नावे आई सांगू लागली, कारण सारी नावे तिलाच पाठ होती. सुनेने बोट उमटवावे, अशी वाटणी झाली. सात पिढ्यांची नावे. त्यांत आजे-पणजेच नव्हेत. बाळंतपणात गेलेली एक काकू, लग्नाआधी पटकीने गेलेला एक चुलत आजा, ज्यांचे श्राद्ध कोणी करीत नाही अशीही माणसे आईच्या यादीत होती. शेवटचे नाव येई आमच्या वडिलांचे. तेथे आई थांबे. जुन्या वळणाच्या बायकांप्रमाणे तिने पतीचे नाव जन्मात कधी उच्चारले नव्हते. उखाण्यातसुद्धा नाव घ्यावयाची वेळ येई तेव्हा ती पदराआड तोंड लपवी, असे आत्या सांगत. म्हणून त्या ठिकाणी ती आमच्याकडे पाही आणि ते नाव आम्ही घेत असू. आठ आखाज्या असेच झाले.

त्या दिवशी आमची पत्नी उंबऱ्यापाशी बसली. कुंकवाची वाटी शेजारी. आई आतल्या बाजूला पाटावर बसून नावे सांगू लागली. एकेक बोट उमटत गेले, पाचर बसविलेल्या टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. आम्ही उभे होतो, भाऊ आणि बहीण उभे होते, सुतारही अजून गेला नव्हता. यादी संपत आली. आम्ही सवयीने पुढे सरलो आणि नाव घेण्यासाठी तोंड उघडणार, इतक्यात आईनेच ते नाव घेतले. स्पष्ट, पूर्ण, वडिलांच्या वडिलांच्या नावासकट. आवाज कापला नाही. पत्नीचे बोट क्षणभर अधांतरी राहिले. तिने सासूकडे पाहिले. आई म्हणाली, "उमटव. त्यांचेच घर आहे."

बोट उमटले. बहिणीने तोंड फिरविले. गुरुजी हातपाय धुण्यासाठी मोरीकडे गेले आणि जाता जाता म्हणाले, "पाने मांडा आता. घागर आधी आत घ्या, आणि आग्नेयेच्या फरशीवर दहीभाताचे नैवेद्याचे पान विसरू नका." ओसरीवर भाऊ कड्यांना झोक्याचे दोर बांधू लागला.